पंधरा दिवसांचा पाहुणा

मित्रांनो, कुठे नवी इमारत उभी राहत असली की ओल्या स्लॅबखाली लोखंडी नळ्यांचे दाट रान दिसते, ते तुम्ही पाहिले असेलच. त्या रानातला मी एक. मी जुना लोखंडी टेकू आहे. कामावरची माणसे मला जॅक म्हणतात. अंगावर रंगाचे तीन थर, कमरेत जरासा बाक आणि आट्यांमध्ये वाळलेले सिमेंट, अशा अवस्थेत मी आज ठेकेदाराच्या आवारात उभा आहे. जन्मभर मी इतरांना आधार दिला, आता भिंतीने मला दिला आहे. हाताशी वेळच वेळ आहे, म्हणून तुम्हाला माझी हकिगत सांगतो. मध्येच हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझी घडण अगदी साधी आहे. एक जाड नळी, तिच्या पोटात सरकणारी बारीक नळी, डोक्यावर आणि पायाखाली एकेक चौकोनी पत्रा आणि गळ्यात आट्यांची जड कडी. बारीक नळीच्या भोकातून खीळ घालायची, कडी फिरवायची, की मी केसाकेसाने उंच होत छताला भिडतो. ज्या कारागिराने माझ्या पायाचा पत्रा जोडला, त्याने जोड निवल्यावर हातोडीची टिचकी मारली, कान लावला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा खणखणीत आहे." मग त्याने मला तांबड्या रंगात बुडवून उन्हात वाळत ठेवले. ते माझे पहिले कौतुक. खरे सांगायचे तर बराच काळ तेच शेवटचेही होते.

आमचे काम थोड्या दिवसांचे असते. ओल्या काँक्रीटला स्वतःचे वजन पेलत नाही. ते घट्ट होऊन स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत आम्ही खाली उभे राहायचे, आणि मग कडी सैल करून निघायचे. अशी मी एका शाळेची सहा छते पेलली, एका दवाखान्याचा जिना पेलला, दुकानांची एक लांबलचक रांग पेलली. यांपैकी एकाच्याही उद्घाटनाला मी हजर नव्हतो. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. टेकूची आठवण कोणाला राहिली नाही, तर काम नीट झाले असे समजावे.

एका सकाळी मुकादमाने आम्हा चौघांना टेंपोत घातले आणि एका जुन्या इमारतीच्या तळघरात आणून उतरवले. मी चक्रावून गेलो. तिथे ना ओले काँक्रीट, ना फळ्या, ना गवंड्यांचा आरडाओरडा. वर सात मजले, त्यांत राहती घरे, आणि खाली ओळीने लावलेल्या गाड्या. आजवर आम्ही तान्ह्या बाळांना उभे राहायला शिकवले होते. आता एका म्हाताऱ्याच्या काखेत हात घालायला आम्हाला आणले होते.

एक अभियंता बाई आमच्या आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांच्या हातात लहानशी हातोडी होती. त्या छताला जागोजागी ठोकून कान देत होत्या. एका ठिकाणी 'टण्' असा आवाज आला. चार पावले पुढे 'बद्द' असा आला. बाई तिथेच थांबल्या आणि सोबतच्या मंडळींकडे वळल्या.

"इथे आतून सुटलंय. तळघराचा हा भाग इमारतीच्या पुढे अंगणाखाली येतो, वर तुमची बाग आहे ना? मातीखालचा पाणी अडवणारा थर केव्हाच गेलाय. पाणी झिरपून आतल्या सळयांपर्यंत पोचतंय. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. वरची माती काढावी लागेल, आणि ते मोठं झाडही. पाण्याचा बंदोबस्त करायचा, मग खालून दुरुस्ती. तोवर तुळईखाली हे चार टेकू लावते. पण लक्षात ठेवा, टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे."

"किती दिवस राहतील हे?" एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारले.

"पंधरा दिवसांचं काम आहे, सर," मुकादम माझी कडी आवळत म्हणाला. "फार तर तीन आठवडे."

ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणजे इमारतीच्या समितीचे चिटणीस. शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना 'सर' म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. कोणाच्या मुलाला गणित जमत नसेल, तर सर त्याला घरी बोलावून शिकवायचे. कोणी आजारी पडले, तर सर दवाखान्यात उशाशी बसायचे. बाई 'ते मोठं झाड' असे म्हणाल्या, तेव्हा याच सरांनी मान खाली घातली. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला पुढे कळला.

आमच्या बरोबर डोक्यावर, विटांच्या एका मोठ्या वाफ्यात, लिंबाचे झाड होते. ते सरांच्या पत्नीने लावले होते. आमच्या येण्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. सर रोज सकाळी खुर्ची घेऊन त्या झाडाशेजारी बसत आणि हाताने पाणी घालत. लिंबे पिकली की पिशव्या भरून घरोघर पोचवत. इमारतीत असे एकही घर नव्हते, जिथे त्या झाडाचे लिंबू पिळले गेले नव्हते. आणि रोज घातलेले ते पाणी माती ओलांडून, काँक्रीट ओलांडून, थेंबाथेंबाने खाली आमच्या डोक्यावर येत होते.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. समितीच्या बैठका तळघरातच, आमच्या शेजारी खुर्च्या मांडून व्हायच्या, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. पहिल्याच बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका ताईंनी विषय काढला.

"सर, अभियंता बाईंनी सांगितलेलं ते काम... म्हणजे वरचं ते झाड..."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. "बोला ना, ताई."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. याच सरांनी त्यांच्या मुलाची दहावी काढून दिली होती. "काही नाही, सर. पुढच्या बैठकीत बघू."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोणीतरी मागून म्हणाले, "टेकू आहेत ना आता, मग कसली काळजी?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो. अहो, टेकू दिसतोय म्हणून तर काळजी करायची! पण आम्ही पडलो लोखंडाचे. आणि ती माणसे पडली भिडस्त. एका भल्या माणसाचे मन दुखवायला एकही जण तयार नव्हता. पुढच्या बैठकीत तोच विषय त्याच्याही पुढच्या बैठकीवर गेला, आणि काही वर्षांनी तो कागदावरूनच नाहीसा झाला. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण त्यांच्या चांगुलपणाचा भार आम्ही चौघे उचलत होतो, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही.

छतातून गळणाऱ्या पाण्यात चुना असायचा. त्याचे पांढरे डाग गाड्यांच्या रंगावर पडू लागले, तेव्हा मात्र तळघरात मोठी खळबळ उडाली. छत सात वर्षे गळले तर चालले असते, पण गाडीचा रंग एक दिवसही बिघडून चालणार नव्हता! लगेच पत्रेवाल्याला बोलावले. त्याने छताखाली पत्र्याच्या पन्हळी ठोकून दिल्या, म्हणजे वरचे पाणी पन्हळीत पडेल आणि भिंतीकडे वाहून जाईल. डाग थांबले. गळतीही थांबली असे सर्वांना वाटू लागले. ज्या जागी 'बद्द' आवाज आला होता, ती जागा आता पत्र्याआड गेली आणि कोणालाच दिसेनाशी झाली.

मग इमारतीला रंग लागला आणि आम्हा चौघांनाही खांबांसारखा फिकट हिरवा रंग फासला गेला. माझ्या अंगावर कोणी वळणाचा आरसा बसवला, कोणी छत्री अडकवली, कोणी 'येथे थुंकू नये' अशी पाटी बांधली. एक पाहुणे आले आणि म्हणाले, "तुमचं तळघर किती टापटीप आहे!" हे माझे दुसरे कौतुक. पहिल्याइतका आनंद मात्र मला त्याने झाला नाही.

आम्ही मुळात इथले नव्हेत, हे लक्षात ठेवणारे एकच माणूस त्या तळघरात होते. गाड्या पुसणाऱ्या मावशी. तळघरातला एकुलता एक नळ आमच्या शेजारच्या खांबावर होता, त्यामुळे मावशींची सकाळ आमच्याजवळच जायची. बादली भरताना ती माझ्यावर आपटायची आणि मी 'टण्' वाजायचो. मावशी म्हणायच्या, "काय पाहुणे, अजून मुक्काम हलत नाही वाटतं? पंधरा दिवस म्हणून आलात, आता नातवंडं खेळवूनच जाणार की काय?" मला फार बरे वाटायचे. फडकी पिळून त्या माझ्या खिळीवर वाळत घालायच्या, तेही मी चालवून घेत असे.

पाचव्या वर्षी एक गोष्ट घडली. ती सांगताना मला अजूनही जड जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी नवी गाडी घेतली. गाडी होती ऐसपैस, आणि तिचे दार उघडले की माझ्यावर घासायचे. साहेबांनी रखवालदाराला गाठले. रखवालदार म्हणजे नाना. साधा, कोणालाही नाही न म्हणणारा माणूस.

"नाना, हा दांडा जरा भिंतीकडे घ्या की. हातभरच."

"सरांना विचारतो, साहेब."

सर उतारावर उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. नानांचे ऐकून ते म्हणाले, "हातभरच ना? बाकीचे तीन आहेत तिथे. घे सरकवून."

नानांनी माझ्या कडीत पहार अडकवून ती सैल केली. त्याबरोबर तुळईतून 'कट्' असा बारीक आवाज आला. नानांनी चमकून वर पाहिले. साहेब गाडीच्या दाराकडे पाहत होते. मग नानांनी मला उचलून भिंतीजवळ ठेवले आणि हाताने जेमतेम कडी फिरवून छताला टेकवले. आता माझ्यावर काहीच भार नव्हता. दिसायला मी तसाच होतो, हिरवा, ताठ, आरसा मिरवणारा. पण मी कशालाही धरले नव्हते, आणि माझ्या वाटणीचे ओझे माझे तीन भाऊ वाहत होते.

दुसऱ्या दिवशी मावशींची बादली माझ्यावर आदळली तेव्हा मी खुळखुळलो. मावशी थबकल्या. त्यांनी मला धरून हलवून पाहिले.

"नाना भाऊ, हा पाहुणा सैल झालाय हो. खुळखुळतोय बघा."

"उभा आहे ना? मग झालं," नाना म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे बघायचे टाळले, ते मला कळले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली असे म्हणा. मावशी रोज त्याच नळाशी, त्याच छताखाली, वाकून गाड्या पुसत. तुळई केसाकेसाने खाली येत होती. भावांचे पाय फरशीत रुतत चालले होते. मला सगळे दिसत होते, आणि मी भिंतीशी आरसा धरून उभा होतो.

सातव्या वर्षी मावशींच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. आदल्या दिवशी लख्ख पुसलेल्या गाडीवर सकाळी तांबूस कच पडलेली असायची. कधी वाटाण्याएवढा खडा. मावशींनी आठवडाभर ते सगळे एका डबीत जमवले आणि सर खाली आले तेव्हा त्यांच्यापुढे डबी धरली.

"सर, हे बघा. आता पन्हळीतून नुसतं पाणी नाही येत. खडे येतात. पत्र्यावर रोज खडखड पडतात, मी ऐकते ना. वरचं छत फुटतंय, सर. मला इथे उभं राहायची भीती वाटते."

सरांनी चष्मा वर सरकवून डबीत पाहिले. मग त्यांनी छताकडे पाहिले, पण तिथे पत्राच होता. "बरं झालं सांगितलंत, मावशी. बैठकीत विषय घेतो."

आणि मित्रांनो, सरांनी विषय खरोखर घेतला. दिलेला शब्द ते पाळायचे. पण छत फुटतेय म्हटले की अभियंता बाई आल्या, बाई आल्या की माती निघाली, माती निघाली की झाड गेले. हे सगळे त्यांच्या मनात आले असणार. बैठकीच्या वहीत त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिले : 'पन्हळींत कचरा साठला आहे. साफ करून घेणे.' सर्वांनी माना डोलावल्या. साफ कोणाकडून करून घ्यायचे, असा प्रश्न निघाला. कोणीतरी म्हणाले, "मावशी आहेत की. त्यांनीच तर सांगितलंय." सरांनी त्यापुढे लिहिले : 'काम : मावशी.'

ज्या जागेची मावशींना भीती वाटत होती, तिथेच हात घालायचे काम असे त्यांच्या वाट्याला आले.

त्या सकाळी नऊच्या सुमारास मावशी स्टूल घेऊन आल्या. साहेब गाडी घेऊन गेलेले, त्यामुळे जागा मोकळी होती. स्टुलावर चढून त्यांनी पन्हळ जरा उचलून पाहिली. ती जागची हलेना. हलणार कशी? वर्षानुवर्षे छताचे निसटलेले ढलपे त्या पत्र्यावर येऊन बसले होते. लोकांना वाटत होते पत्रा पाणी झेलतो आहे. पत्रा छत झेलत होता. मावशींनी एक स्क्रू काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला त्यांना हात लावावाच लागला नाही.

आवाज एकच झाला, आणि सगळीकडे धूळ पसरली. धूळ खाली बसली तेव्हा स्टूल आडवे पडले होते आणि मावशी पत्र्याखाली होत्या. उजव्या खांद्यावर काँक्रीटचा एक मोठा तुकडा. वर उघड्या पडलेल्या सळया झाडाच्या सालीसारख्या सोलल्या होत्या. माझा एक भाऊ निसटून फरशीवर पडला होता, दुसरा वाकत चालला होता. तुळई कुरकुरत होती.

नाना धावत आले. मागोमाग सर, पायांत घरातल्याच चपला.

"नाना, आधी तिला काढ!" सर ओरडले.

"आधी हा लावतो, सर! नाहीतर तिघंही जाऊ."

नानांनी मला एकट्याने उचलले. एरवी ते दोन माणसांचे काम आहे. फरशीवर माझ्या पायाचा जुना गंजका चौकोन अजून होता. त्यांनी मला नेमके त्यावर उभे केले आणि कडी फिरवायला सुरुवात केली. हाताने, मग पहारेने. तुळई माझ्या डोक्याला भिडली. दोन वर्षांनी मला पुन्हा ओझे लागले, आणि मित्रांनो, केवढे ओझे! कमरेत कळ आली. मी वाकलो. पण थांबलो. तुम्ही मघाशी माझा बाक पाहून हसला असाल, तर तो तेव्हाचा आहे.

सरांनी गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी तुकडे बाजूला केले. त्यांच्या बोटांतून रक्त येत होते. नाना आणि सर, दोघांनी मिळून मावशींना उतारावरून वर, उजेडात नेले. परिचारिका ताई धावत खाली आल्या. पंधरा मिनिटांत सगळी इमारत रिकामी होऊन रस्त्यावर उभी होती, हातात मुले, औषधांच्या पिशव्या आणि गॅसवरून तशीच उचललेली पातेली घेऊन.

दुपारी अभियंता बाई आल्या. पूर्वी काळे असलेले त्यांचे केस आता करडे झाले होते. त्यांनी माझा बाक पाहिला, फरशीवरची खूण पाहिली, भिंतीजवळची दुसरी खूण पाहिली.

"हा टेकू कोणी हलवला होता?"

 ऐसपैस गाडीचे साहेब आपल्या बुटांकडे पाहत होते.

"मी," नाना म्हणाले.

"त्याने मला विचारलं होतं," सर म्हणाले. "मी हो म्हटलं. आणि झाडही माझ्यामुळेच राहिलं, बाई. या लोकांनी माझ्या भिडेपोटी तोंड उघडलं नाही. सात वर्षं मला हे कळत होतं."

बाई रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "माती आजच काढायला घ्या."

झाड तोडायला माणसे आली तेव्हा सरांनी करवत स्वतःच्या हातात मागून घेतली. मी खाली होतो, मला वरचे दिसत नव्हते. करवतीचा आवाज तेवढा काँक्रीटमधून माझ्या डोक्यापर्यंत येत होता. तो मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. नाना नंतर कोणाला तरी सांगत होते की झाडावर तेव्हा पिकलेली लिंबे होती, आणि ती कोणी घरी नेली नाहीत.

मग एकदाचे काम सुरू झाले. आमच्यासारखे साठ टेकू आले. माती निघाली, गंजलेल्या सळया कापून नव्या जोडल्या, नवे काँक्रीट पडले, वर पाणी अडवणारा थर बसला. सात वर्षे टाळलेले ते काम अडीच महिन्यांत संपले. लोक आपापल्या घरी परतले. आमच्या कड्या सैल करायचा दिवस ठरला.

त्याच दिवशी मावशी आल्या. आपली बादली, फडकी आणि ती डबी न्यायला आल्या होत्या. उजवा हात अंगाला चिकटून होता. तो खांद्याच्या वर जात नव्हता, आणि आता कधी जाणारही नव्हता. गाडीचे छत पुसायला हात वर जावा लागतो. मावशींचे काम सुटले होते. सर घाईघाईने खाली आले.

"मावशी, औषधपाण्याचं सगळं समिती बघेल. तुम्हाला बसून करता येईल असं काम मी शोधतोय. आणि मला..." सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "मला माफ करा."

मावशींनी डाव्या हाताने बादली खाली ठेवली. "सर, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? डबी दाखवली होती ना?"

"हो."

"मग ते वहीत लिहिलं होतं का?"

सर मागे वळले. ते वर गेले आणि वही घेऊन आले. त्यांनी पान उघडले आणि वाचून दाखवायला घसा साफ केला.

"द्या इकडे," मावशी म्हणाल्या. "मला येतं वाचायला. सातवीपर्यंत शिकलेय मी."

नऊ वर्षे मावशी त्या इमारतीत येत होत्या, आणि त्यांना वाचता येते हे मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हते. वही बादलीवर ठेवून, ओळीखाली डावे बोट सरकवत मावशींनी वाचले. 'पन्हळींत कचरा साठला आहे. साफ करून घेणे. काम : मावशी.' त्यांनी ते दोनदा वाचले.

"मी कचरा नव्हते म्हणाले, सर. खडे म्हणाले होते. छत फुटतंय म्हणाले होते."

सरांनी मान वर केली नाही. त्यांच्या डोळ्यांतले पाणी वहीच्या पानावर पडले आणि त्यांचे ते सुंदर अक्षर एका ठिकाणी फिसकटले.

"पेन आहे ना?" मावशी म्हणाल्या. "लिहा. मी सांगते तसं लिहा."

सरांनी आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातले होते. त्या दिवशी ते माझ्या शेजारी फरशीवर बसून, बादलीवर वही ठेवून एकेक शब्द लिहून घेत होते. "लिहा. 'पन्हळीत खडे पडत होते. वरचं छत फुटत होतं. मावशींनी हे एक महिना आधी सांगितलं होतं. त्यांना भीती वाटते हेही सांगितलं होतं. ते आम्ही लिहिलं नाही.' लिहिलंत? आता खाली सही करा."

सरांनी सही केली. मग मावशींनी पेन डाव्या हातात घेतला आणि पुष्कळ वेळ लावून, वाकडीतिकडी, आपलीही सही केली. वही सरांना देऊन त्यांनी बादली उचलली आणि त्या चढावरून निघून गेल्या. मुकादमाने माझी कडी सैल केली. दुरुस्त झालेली तुळई जागची हलली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा टेकू तुमच्या इमारतीत उभा असेल, तर हा कशासाठी आहे आणि कधी निघणार, हे मोठ्या माणसांना विचारा. कुठे छत गळत असेल, प्लास्टर फुगले असेल, सळई दिसत असेल, तर कोणाचीही भीड न धरता सांगा. आणि सांगून झाले म्हणून लगेच खेळायला पळू नका. त्यांनी वहीत काय लिहून घेतले, ते तिथेच उभे राहून वाचून पाहा.